कथनाचा अधिकार : ऑस्ट्रेलियातील आदिवासी स्त्रिया, सामुदायिक माध्यमे आणि कला

१

ऑस्ट्रेलियात दरवर्षी जुलै महिन्यात आदिवासी व टॉरेस सामुद्रधुनीतील द्वीपवासी यांच्या संस्कृतीचा सप्ताह साजरा होतो. २०१८ साली या सप्ताहासाठी जे बोधवाक्य निवडण्यात आले, त्याचा आशय ‘ती होती म्हणून आम्ही समर्थ आहोत’ असा होता. आदिवासी स्त्रियांनी समाजकारणात, माध्यमांत आणि कलेत केलेल्या कार्याचा तो जाहीर गौरव होता. गौरव उचितच होता. परंतु अभ्यासकाच्या दृष्टीने गौरवातच एक धोका संभवतो. गौरव करताना व्यक्तीची असामान्यता, तिने सोसलेले कष्ट आणि तिला लाभलेले यश यांवर भर दिला जातो. ज्या व्यवस्थेतून ते कार्य निपजले आणि ज्या हक्कासाठी ते उभे राहिले, त्यांचा विचार मागे पडतो.

प्रस्तुत लेखात या स्त्रियांच्या कार्याचा विचार ‘कथनाचा अधिकार’ या संकल्पनेच्या आधारे करावयाचा आहे. आधुनिक साहित्यविचारात अभिव्यक्ती हा व्यक्तीचा सहजहक्क मानला जातो. जे सुचेल ते, जसे सुचेल तसे सांगण्यास लेखक मोकळा असतो. आदिवासी स्त्रियांनी मात्र नभोवाणी, दूरचित्रवाणी, चित्रपट आणि कॅनव्हास ही नवी साधने हाताळताना ‘हे सांगण्याचा अधिकार कोणाचा?’ हा प्रश्न नेहमी आधी विचारला. या प्रश्नामुळे त्यांचे कार्य निव्वळ ‘सहभाग’ वा ‘योगदान’ न राहता माध्यमांच्या आणि कलेच्या प्रचलित कल्पनांना दिलेले आव्हान ठरते.

२

ही संकल्पना समजून घेण्यासाठी मध्य ऑस्ट्रेलियातील समाजरचनेची पार्श्वभूमी ध्यानात घ्यावी लागते. तेथील पिट्जंजारा भाषक ज्याला ‘जुकुर्पा’ म्हणतात, त्याचे इंग्रजीतून ‘स्वप्नकाल’ असे जे भाषांतर रूढ झाले ते अपुरे आहे. जुकुर्पा म्हणजे सृष्टीच्या उत्पत्तीची कथा, तसेच भूमी, नातीगोती आणि आचार यांचे नियमन करणारा कायदा. पूर्वजांनी ज्या वाटांनी प्रवास केला त्या वाटांवरील प्रत्येक पाणवठा, टेकडी, वनस्पती हिच्याशी गीत, नृत्य आणि रेखाकृती निगडित असते. या सर्वांची जबाबदारी जन्माने, नात्याने आणि दीक्षेने विशिष्ट व्यक्तींकडे येते. त्या व्यक्ती कथेच्या मालक नसून राखणदार असतात.

या व्यवस्थेत स्त्रियांचे स्वतंत्र क्षेत्र आहे. काही विधी, गीते आणि आकृती केवळ स्त्रियांच्या असतात. पुरुषांनी त्या पाहणेही निषिद्ध असते. पुरुषांच्या काही विधींबाबत स्त्रियांवरही असेच बंधन असते. प्रारंभीचे बहुतेक मानववंशशास्त्रज्ञ पुरुष होते. साहजिकच त्यांना स्त्रियांच्या क्षेत्रात प्रवेश नव्हता, आणि जे आपणास दिसले नाही ते अस्तित्वातच नाही, असा निष्कर्ष त्यांच्यापैकी अनेकांनी काढला. आदिवासी धर्मजीवनात स्त्रीचे स्थान गौण आहे, हा दीर्घकाळ टिकलेला समज काही अंशी या मर्यादेतून जन्मास आला. स्त्रियांचे मौन हे ज्ञानाच्या अभावाचे लक्षण नव्हते. ज्याला ऐकण्याचा अधिकार नाही त्याच्यासमोर न बोलण्याचा तो नियम होता.

मृत्यूसंबंधीचा संकेतही येथे महत्त्वाचा आहे. अनेक समूहांत मृत व्यक्तीचे नाव काही काळ उच्चारले जात नाही, तिची प्रतिमा दाखविली जात नाही. ध्वनी आणि चित्र यांची साठवण करणे हाच ज्या माध्यमांचा स्वभाव आहे, त्यांना हा संकेत थेट छेद देतो. ऑस्ट्रेलियन दूरचित्रवाणीवर कार्यक्रमाच्या आरंभी मृतांच्या प्रतिमांविषयी दिली जाणारी पूर्वसूचना हे या संकेताने माध्यमाला घातलेल्या शिस्तीचे दृश्य उदाहरण होय.

३

१९८० साली ॲलिस स्प्रिंग्ज येथे ‘सेंट्रल ऑस्ट्रेलियन ॲबोरिजिनल मीडिया असोसिएशन’ ही संस्था स्थापन झाली. ‘कामा’ या संक्षिप्त नावाने ती ओळखली जाते. फिलिप बॅटी आणि जॉन मॅकुंबा यांच्यासह तिची स्थापना करणाऱ्या फ्रेडा ग्लिन या कायटेट्ये वंशाच्या. मिश्र वंशाच्या मुलांना कुटुंबापासून दूर संस्थांमध्ये ठेवण्याचे शासकीय धोरण त्यांच्या पिढीने प्रत्यक्ष अनुभवले होते. या धोरणाचा पहिला आघात भाषेवर झाला. तेव्हा अरेन्ते, वार्ल्पिरी, पिट्जंजारा या भाषा नभोवाणीवरून घरात ऐकू येणे, ही घटना केवळ करमणुकीची राहत नाही. शाळेने आणि वसतिगृहाने ज्या भाषेला लज्जास्पद ठरविले, तिला सार्वजनिक प्रतिष्ठा मिळवून देण्याचे ते कार्य होते. ‘कामा’ने दुर्गम वस्त्यांसाठी ध्वनिफिती आणि पुढे चित्रफिती तयार केल्या; १९८५ मध्ये संस्थेचे स्वतःचे नभोवाणी केंद्र सुरू झाले.

त्याच वर्षी ऑस्ट्रेलियाचा पहिला दळणवळण उपग्रह अवकाशात गेला आणि मोठा पेच उभा राहिला. ज्या वस्त्यांत तोवर दूरचित्रवाणी पोहोचली नव्हती, तेथे आता शहरी, इंग्रजी, व्यापारी कार्यक्रम एकाएकी येऊन थडकणार होते. त्यांना विरोध करीत राहणे हा एक मार्ग होता. ग्लिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दुसरा मार्ग निवडला : वाहिनीचा परवानाच आपल्याकडे घेण्याचा. त्यातून ‘इम्पार्जा’ ही आदिवासींच्या मालकीची दूरचित्रवाणी वाहिनी जानेवारी १९८८ मध्ये सुरू झाली. ग्लिन तिच्या पहिल्या अध्यक्ष होत्या. वाहिनीचे नाव अरेन्ते भाषेतील पाऊलखुणा या अर्थाच्या शब्दावरून घेतलेले आहे.

या यशाच्या मर्यादाही नोंदविल्या पाहिजेत. वाहिनी व्यापारी परवान्यावर चालत असल्याने तिचा बहुतांश वेळ बाहेरून घेतलेल्या कार्यक्रमांनी व्यापला. आदिवासी भाषांतील कार्यक्रमांना आठवड्यात अल्प वेळ मिळाला. त्या अल्प वेळातील ‘ङनाम्पा अन्वर्नेकेने’ या मालिकेचे नाव अर्थपूर्ण आहे. पहिला शब्द पिट्जंजारा, दुसरा अरेन्ते, आणि दोहोंचा अर्थ एकच : ‘आमचे’. शीर्षकातच दोन भाषांना शेजारी बसविणारी ही योजना, माध्यमाची मालकी आणि कथनाची मालकी या दोन भिन्न गोष्टी आहेत, याचे भान दर्शविते. पहिली मिळाली म्हणून दुसरी आपोआप मिळत नाही.

शहरी परिस्थिती निराळी होती. सिडनीतील ‘रेडिओ रेडफर्न’ हे केंद्र मॉरीन वॉटसन आणि त्यांचे पुत्र टिगा बेल्स यांच्या पुढाकारातून उभे राहिले. वॉटसन कवयित्री होत्या आणि कथाकथनकारही. १९८८ मध्ये ऑस्ट्रेलियातील गोऱ्यांच्या वसाहतीची द्विशताब्दी साजरी होत असताना देशभरातून निषेधासाठी सिडनीत जमलेल्या आदिवासींना या केंद्राने एकत्र बांधले. वाळवंटातील केंद्रांचे कार्य भाषा टिकविण्याचे होते. ज्यांच्या भाषा बव्हंशी हिरावल्या गेल्या होत्या अशा शहरी आदिवासींना या केंद्राने इंग्रजीतूनच आपला आवाज मिळवून दिला.

४

चित्रपटाच्या क्षेत्रात एसी कॉफी यांचा उल्लेख प्रथम करावा लागतो. न्यू साउथ वेल्समधील ब्रुवारिना या गावी राहणाऱ्या या मुरुवारी स्त्रीने १९७८च्या सुमारास ‘माय सर्व्हायव्हल ॲज ॲन ॲबोरिजिनल’ हा माहितीपट दिग्दर्शित केला. आदिवासी स्त्रीने दिग्दर्शित केलेला हा पहिला माहितीपट मानला जातो. त्यापूर्वी आदिवासींवर पुष्कळ माहितीपट निघाले होते. त्यांत पडद्यावर आदिवासी असत आणि त्यांच्याविषयी बोलणारा निवेदक अदृश्य व गोरा असे. कॉफींनी ही विभागणी मोडली. पाहणारी, पाहिली जाणारी आणि सांगणारी अशा तिन्ही भूमिका एकाच स्त्रीकडे आल्या. मुलांना रानातील अन्न आणि जगण्याची रीत शिकविणारी कॉफी या चित्रपटात साक्षीदार नसून शिक्षिका आहे. १९८८ मध्ये कॅनबेरातील नव्या संसदभवनाच्या उद्घाटनप्रसंगी त्यांनी या चित्रपटाची प्रत राणी एलिझाबेथ यांना भेट दिली. ज्या राजसत्तेच्या नावाने भूमी घेतली गेली, तिच्याच हाती ही साक्ष ठेवण्यात आली.

ट्रेसी मोफॅट यांची वाट वेगळी आहे. ‘नाइस कलर्ड गर्ल्स’ (१९८७) या सोळा मिनिटांच्या लघुपटात त्यांनी आधुनिक सिडनीतील आदिवासी तरुणींच्या दृश्यांशेजारी आरंभीच्या वसाहतकारांच्या रोजनिशांतील निवेदन ठेवले. दोहोंतील विसंगतीतून ‘बिचारी, बळी पडलेली स्त्री’ ही प्रतिमा आपसूक गळून पडते. ‘नाइट क्राइज’ मध्ये मरणासन्न गोऱ्या मातेची शुश्रूषा करणारी आदिवासी कन्या आहे. १९५५ च्या ‘जेडा’ या गोऱ्या दिग्दर्शकाच्या गाजलेल्या चित्रपटातील कथासूत्र येथे उलट बाजूने पुढे नेलेले आहे. १९९३ चा ‘बीडेव्हिल’ हा आदिवासी ऑस्ट्रेलियन स्त्रीने दिग्दर्शित केलेला पहिला पूर्ण लांबीचा कथापट.

‘नाइट क्राइज’ मधील कन्येची भूमिका करणाऱ्या मार्सिया लँग्टन या स्वतः मानववंशशास्त्राच्या आदिवासी अभ्यासक. आदिवासींची माध्यमांतील प्रतिमा आदिवासी आणि आदिवासेतर यांच्या परस्परव्यवहारातून सतत घडत असते, अशी मांडणी त्यांनी १९९३ मध्ये केली. आदिवासी व्यक्तीने कॅमेरा हाती घेतला म्हणजे चित्रण आपोआप ‘खरे’ होते, हा समज त्यांनी नाकारला. भारतीय संदर्भात ‘अनुभवाची प्रामाणिकता’ या कसोटीवर झालेल्या दीर्घ चर्चेची जाण असणाऱ्या वाचकाला या मुद्द्याचे महत्त्व वेगळे सांगावयास नको.

५

चित्रकलेच्या इतिहासात मध्य ऑस्ट्रेलियातील आधुनिक चळवळीचा आरंभ १९७१ मध्ये पपुन्या येथे झाला असे सांगितले जाते. तेथील चित्रकार पुरुष होते. स्त्रिया प्रारंभी पती वा पिता यांच्या चित्रांत ठिपके भरण्याचे काम करीत. त्यावर त्यांचे नाव नसे. तथापि हा इतिहास कॅनव्हासपासून मोजला जातो म्हणूनच तो पुरुषांपासून सुरू होतो. लोकरीचे विणकाम, बाटिक आणि विधिप्रसंगी अंगावर रेखाटावयाच्या आकृती या ‘हस्तव्यवसाय’ वा ‘विधी’ या सदरात टाकल्या गेल्या नसत्या, तर आरंभबिंदू निराळा ठरला असता. एर्नाबेला येथील स्त्रियांचे कलाकेंद्र १९४८ पासून चालू आहे. पपुन्यातील घटनेपूर्वी ते तेवीस वर्षे कार्यरत होते.

युएंडुमू येथे १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात वार्ल्पिरी स्त्रियांनी चित्रे विकण्यास आरंभ केला तो टोयोटा मोटार घेण्यासाठी. हेतू व्यावहारिक वाटतो. परंतु दूरच्या पवित्र स्थळी जाऊन विधी करावयाचे तर वाहन हवे, आणि वस्तीतील वाहने पुरुषांच्या ताब्यात. चित्र विकून वाहन, वाहनाने भूमी, आणि भूमीवर गेल्याने चित्रांतील कथा सांगण्याचा अधिकार जागता, असे हे वर्तुळ आहे. येथे बाजार हा परंपरेचा शत्रू ठरत नाही. स्त्रियांनी त्याला परंपरेच्या कामी लावलेले दिसते.

युटोपिया या प्रदेशातील स्त्रियांनी १९७७ पासून बाटिकचे काम सुरू केले. १९७६ च्या कायद्यान्वये भूमीवर दावा मांडला गेला, तेव्हा सुनावणीत या स्त्रियांनी आपले भूमीशी असलेले नाते गीत आणि विधी यांतून दाखविले. लेखी दस्तऐवज मागणाऱ्या व्यवस्थेपुढे अंगावरील आकृती हाच दस्तऐवज म्हणून ठेवण्यात आला. १९८८ मध्ये याच समूहातील ८८ कलावंतांनी, ज्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या, रेशमावर ८८ बाटिके केली. आणि त्याच उन्हाळ्यात त्यांच्या हाती कॅनव्हास आला.

या समूहातील एमिली कामे उंग्वारे यांचा जन्म १९१० च्या सुमाराचा. कॅनव्हासवर त्यांनी रंगकाम सुरू केले तेव्हा त्या ऐंशीच्या घरात होत्या, आणि १९९६ मधील मृत्यूपर्यंतच्या सुमारे आठ वर्षांत त्यांनी अंदाजे तीन हजार चित्रे केली. समीक्षकांनी त्यांना आधुनिक अमूर्त चित्रकारांच्या पंक्तीत बसविले. ही तुलना आदरापोटी झाली असली तरी दिशाभूल करणारी आहे. ‘कामे’ हे त्यांचे नावच एका रानकंदाच्या बीजाशी संबंधित आहे. जमिनीखाली पसरणाऱ्या त्या कंदाच्या मुळ्या आणि ‘आवेल्ये’ या स्त्रीविधीत छातीवर काढावयाच्या रेषा त्यांच्या चित्रांत येतात. पाहणाऱ्याला जे अमूर्त वाटते ते करणारीच्या दृष्टीने अत्यंत मूर्त आहे. १९९७ च्या व्हेनिस येथील द्वैवार्षिक प्रदर्शनात उंग्वारे, जूडी वॉटसन आणि इव्हॉन कूलमॅट्री या तीन आदिवासी स्त्रियांच्या कृतींनी ऑस्ट्रेलियाचे प्रतिनिधित्व केले.

उंग्वारे यांचे ‘अर्थ्स क्रिएशन’ (१९९४) हे चित्र २००७ मध्ये दहा लाख ऑस्ट्रेलियन डॉलरहून अधिक किमतीस, आणि २०१७ मध्ये एकवीस लाखांस विकले गेले. चित्राच्या फेरविक्रीतून कलावंतास वा त्याच्या वारसांस पाच टक्के हिस्सा देणारा कायदा ऑस्ट्रेलियात २०१० मध्ये अमलात आला. म्हणजे २००७ मधील विक्रीतून वारसांना हिस्सा मिळावा अशी कायदेशीर तरतूदच नव्हती. चित्रकर्तीचा जयजयकार आणि तिच्या आप्तांचे रिक्त हात या दोन गोष्टी एकाच वेळी संभवतात, हे गौरवाच्या भाषेत दिसत नाही.

६

अधिकाराचा हा प्रश्न न्यायालयातही गेला. अर्नहेम लँडमधील योलंगु समाजाच्या बांडुक मारिका (१९५४-२०२१) या छापचित्रकर्ती होत्या. पवित्र पाणवठा आणि घोरपडी यांचे त्यांनी केलेले चित्र, इतर आदिवासी कलावंतांच्या चित्रांसह, परवानगीवाचून व्हिएतनाममध्ये तयार झालेल्या गालिच्यांवर उतरविले गेले व ते गालिचे ऑस्ट्रेलियात विक्रीस आले. जी आकृती विशिष्ट कुळाच्या जपणुकीत आहे, ती लोकांच्या पायाखाली आली.

डिसेंबर १९९४ मध्ये संघीय न्यायालयाने कलावंतांच्या बाजूने निकाल दिला. भरपाईची रक्कम सुमारे १ लाख ८८ हजार डॉलर होती. ती कलावंतांना आपल्या रीतीनुसार वाटून घेता यावी म्हणून एकत्रित देण्यात आली. सांस्कृतिक स्वरूपाची हानी झाल्याचे न्यायालयाने भरपाई ठरविताना विचारात घेतले, हे विशेष होय. तरीही निर्णयाची चौकट व्यक्तिगत कॉपीराइटचीच राहिली. मारिका यांच्यासमोरील पेच असा की देशाच्या कायद्याने त्या चित्राच्या स्वामिनी होत्या, तर स्वतःच्या समाजाच्या कायद्याने राखणदार. आपला दोष नसतानाही, आकृतीचा दुरुपयोग झाल्याबद्दल आपल्या समाजाला जाब देणे त्यांना भाग होते. ‘लेखक’ या संकल्पनेत हक्क आहे. ‘राखणदार’ या संकल्पनेत हक्काबरोबर उत्तरदायित्वही आहे.

७

१९७० च्या दशकाच्या अखेरीस पिट्जंजारा भूमीहक्काच्या वाटाघाटींत स्त्रियांचे म्हणणे विचारले गेले नाही. या अनुभवातून १९८० मध्ये तीन भाषासमूहांच्या स्त्रियांनी आपली परिषद स्थापन केली. या परिषदेने १९९५ मध्ये ‘जान्पी’ हा विणकामाचा उपक्रम सुरू केला. जान्पी म्हणजे गवत. २००५ मध्ये पापुलांकुजा येथील कांजुपायी बेन्सन आणि त्यांच्या सहकारिणींनी गवताची विणलेली पूर्णाकृती टोयोटा आदिवासी कलेचा राष्ट्रीय पुरस्कार मिळवून गेली. युएंडुमूच्या स्त्रियांनी चित्रे विकून जी मोटार मिळविली, तीच दोन दशकांनंतर स्त्रियांच्या हातून कलाकृती म्हणून आली. मिश्कीलपणा आणि स्मृती यांचा असा संयोग अभिजात कलेच्या व्याख्येत सहजी बसत नाही.

२०१७ मध्ये कॅनबेरा येथील राष्ट्रीय संग्रहालयात ‘सात बहिणीं’च्या कथावाटांचे प्रदर्शन भरले. पाठलाग करणाऱ्या पुरुषापासून पळणाऱ्या या बहिणी अखेर आकाशात तारकापुंज होतात. भारतीय परंपरा ज्यांना कृत्तिका म्हणते त्याच या तारका. प्रदर्शनाची प्रेरणा वाळवंटातील ज्येष्ठांची होती. तरुण पिढी कथावाटांपासून दुरावत आहे, म्हणून त्या कथा जतन व्हाव्यात ही त्यांची मागणी. कोणती कथा किती सांगावी, कोणता भाग झाकावा, याचा निर्णय राखणदारांकडे राहिला. जतन करणे आणि सर्व काही उघड करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, ही या प्रदर्शनाची मोठी शिकवण होय.

८

या विवेचनाचा मराठी साहित्याच्या अभ्यासाशी असलेला संबंध पद्धतीचा आहे. जात्यावरच्या ओव्यांची संकलने मराठीत दीर्घकाळ होत आली. त्यांतील पुष्कळ संकलनांत ओवी ‘लोकां’ची ठरली आणि गाणारीचे नाव गळाले. हेमा राइरकर आणि गी प्वातवँ यांनी १९८० च्या दशकापासून उभारलेल्या, एक लाखाहून अधिक ओव्यांच्या संग्रहात गाणारीचे नाव आणि गाव यांची नोंद राहिली, हा महत्त्वाचा पालट आहे. वारली चित्रांची कथा मध्य ऑस्ट्रेलियाच्या उलट दिशेने गेलेली दिसते. लग्नातील चौक लिहिणे हे सवाशिणींचे काम. १९७० च्या दशकात ही कला कागदावर आली तेव्हा तिला जिव्या सोमा मशे यांच्यासारख्या पुरुष कलावंतांची नावे लाभली. मशे यांच्या प्रतिभेला त्यामुळे उणेपणा येत नाही. परंतु भिंतीवरून कागदावर येताना अधिकाराचे स्थलांतर कसे झाले, हा प्रश्न विचारला गेला पाहिजे.

ही दोन क्षेत्रे सारखी आहेत असे म्हणणे मात्र धाडसाचे ठरेल. ओवीत गोपनीयतेचा कायदा नाही. ती शेजारणीने ऐकावी आणि पुढे गावी अशीच तिची रीत. तेव्हा ऑस्ट्रेलियातील संकल्पना जशीच्या तशी येथे आणता येणार नाही. आणता येईल तो तिच्यामागील प्रश्न : ही गोष्ट कोणाची, ती सांगण्याचा अधिकार कोणाकडून आला, आणि सांगितल्याबद्दल सांगणारा कोणाला उत्तरदायी आहे? संकलन, संपादन, भाषांतर आणि अध्यापन या प्रत्येक टप्प्यावर हा प्रश्न अभ्यासकालाही लागू होतो.

फ्रेडा ग्लिन, एसी कॉफी, एमिली कामे उंग्वारे, बांडुक मारिका आणि जान्पीच्या विणकरी यांचे कार्य परस्परांहून भिन्न आहे. त्यांना जोडणारे सूत्र असे की नवे साधन हाती घेताना त्यांनी जुनी जबाबदारी खाली ठेवली नाही. त्यांचा गौरव करावयाचा असेल तर त्यांच्या कृतींच्या प्रशंसेवर थांबून चालणार नाही. त्या कृती ज्या अधिकारातून निर्माण झाल्या, त्या अधिकाराला मान्यता द्यावी लागेल.